पहिल्या पानाचा हट्ट: एसईओमागची तीस वर्षं

१९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या जेरी यँग आणि डेव्हिड फिलो यांनी वेबवरच्या साइटींची विषयवार यादी करायला घेतली. तिचंच पुढे याहू झालं. यादीत कोणती साइट घ्यायची, कुठल्या कप्प्यात घालायची हे माणसं ठरवत, आणि कप्प्यातली नावं इंग्रजी वर्णक्रमाने लागत. म्हणजे ज्याचं नाव ‘ए’ने सुरू, तो वर. फोनच्या डिरेक्टरीत पहिलं यायचं म्हणून दुकानाच्या नावाआधी दोन-तीन ‘ए’ चिकटवणारे व्यावसायिक अमेरिकेत आधीपासून होतेच. तीच युक्ती वेबवर आली. यादी कोण लावतो, कशी लावतो हे हेरायचं आणि आपलं नाव त्या मापात बसवायचं. ‘एसईओ’, म्हणजे शोधाच्या यादीत आपलं पान वर आणायची खटपट, हा शब्द रुळायला अजून अवकाश होता, पण धंद्याची रीत तेव्हाच पडली.

डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने अल्टाविस्टा हे सर्च इंजिन सुरू केलं. आता पानं वाचायचं काम माणसाकडून यंत्राकडे गेलं. यंत्राला मजकुराचा अर्थ कळत नव्हता, शब्द कळत होते. त्यामुळे पानावर तोच शब्द पुन्हा पुन्हा घालणं, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत कीवर्डची, म्हणजे लोक शोधतात त्या शब्दांची, रांग लपवणं, मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या फक्त यंत्रासाठीच्या माहितीत, दिसेल तो शब्द कोंबणं, हे सगळं सुरू झालं. वाचकाला यातलं काहीच दिसत नसे. तो लग्नाच्या पत्रिका शोधायला जायचा आणि भलत्याच दुकानात पोचायचा. डॅनी सलिव्हन या पत्रकाराने १९९६ मध्ये साइट चालवणाऱ्यांसाठी सर्च इंजिनांची एक मार्गदर्शिका वेबवर टाकली, आणि वर्षभरात ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ हे नाव वापरात आलं. मेटा कीवर्डकडे आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर सांगितलं. ते भरून देण्याचे पैसे घेणारे मात्र त्यानंतरही बरीच वर्षं भेटत राहिले.

‘एसईओ खरंच लागतं का’ असा वाद नेहमी चालतो. त्यात दोन निराळी कामं एका नावाखाली येतात, आणि त्यांची गल्लत इथूनच सुरू झाली. पान यंत्राला नीट वाचता यावं, त्याचं शीर्षक आतल्या मजकुराशी जुळावं, ते मोबाइलवर पटकन उघडावं, हे एक काम. यंत्राची मोजपट्टी ओळखून लायकीपेक्षा वर चढणं, हे दुसरं. पहिल्याला साइटची देखभाल म्हणता येईल. पैसा आणि बोभाटा मात्र कायम दुसऱ्याभोवती राहिला.

गूगलची गोष्ट त्या दुसऱ्या कामाची आहे. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी शोधनिबंधांच्या जगातली पद्धत उचलली: ज्या निबंधाचा दाखला जास्त जण देतात तो महत्त्वाचा, आणि दाखला देणारा वजनदार असेल तर आणखी महत्त्वाचा. पानाकडे येणारी लिंक म्हणजे असा दाखला. १९९८ मध्ये त्यांनी हे मांडलं आणि त्याच सप्टेंबरात कंपनी काढली. (जाहिरातींवर जगणारी सर्च इंजिनं जाहिरातदारांकडेच झुकणार, असंही त्यांनी त्याच निबंधात लिहिलं होतं. ऑक्टोबर २००० मध्ये गूगलने जाहिराती विकणारं ॲडवर्ड्‌स सुरू केलं.) स्वतःच्या पानावर शब्द कोंबणं सोपं, दुसऱ्याच्या पानावरून दाखला मिळवणं अवघड, म्हणून काही काळ निकाल खरोखरच चांगले लागले.

मग डिसेंबर २००० मध्ये गूगलनेच ब्राउझरमध्ये बसवायचा एक टूलबार दिला. त्यात प्रत्येक पानाचा पेजरँक, म्हणजे लिंकवरून मोजलेलं त्याचं वजन, शून्य ते दहाच्या हिरव्या पट्टीवर दिसायचा. ज्या गोष्टीवर आकडा लागतो तिचा बाजार भरतो, तसंच झालं. वरचा आकडा असलेल्या साइटी लिंकची जागा भाड्याने देऊ लागल्या. ओक्लाहोमातल्या सर्चकिंग नावाच्या कंपनीने २००२ मध्ये हा व्यवहार जुळवून देण्याचा धंदाच थाटला. लवकरच तिचा स्वतःचा आकडा ८ वरून ४ वर आला. कंपनी कोर्टात गेली. गूगलने आमचं नाव मुद्दाम खाली ढकललं, ही तिची तक्रार. २००३ मध्ये तिथल्या संघराज्य न्यायालयाने ती फेटाळली. एखाद्या पानाचं महत्त्व किती, हे गूगलचं मत आहे आणि मत बाळगण्याचं स्वातंत्र्य घटनेने दिलेलं आहे, असं त्या निकालाचं सूत्र होतं. क्रमांक हे गणित आहे असं समजून ज्यांनी पैसे ओतले होते, त्यांना तो निघाला एका कंपनीचा अभिप्राय. माझ्या मते एसईओच्या सगळ्या इतिहासात यापेक्षा महत्त्वाचा क्षण नाही, आणि या धंद्यातली माणसं त्याबद्दल फारसं बोलत नाहीत.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ऐन नाताळच्या खरेदीआधी, गूगलने क्रमवारीची पद्धत बदलली. तो बदल ‘फ्लोरिडा’ नावाने ओळखला जातो. गूगलवरून येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालणारी कितीतरी छोटी दुकानं रातोरात यादीतून गडप झाली, आणि त्यांत काही लबाडी न केलेलेही होते.

मोठेही सुटले नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलने यादीतून काढून टाकली. यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरंच, असा प्रकार तिथे सापडला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने जेसीपेनी या दुकानसाखळीमागचं विकतच्या लिंकचं जाळं उघड केलं. गूगलने हाताने कारवाई केली तेव्हा सॅमसोनाइटच्या प्रवासी बॅगांसाठी पहिल्या क्रमांकावर असलेली ही साइट दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेली. त्याच महिन्यात भरताड मजकुरावर ‘पांडा’ नावाचा क्रमवारीतला बदल आला, एप्रिल २०१२ मध्ये विकतच्या लिंकवर ‘पेंग्विन’. काल पैसे देऊन मिळवलेल्या लिंक आता काढून टाकण्यासाठी लोक पुन्हा पैसे मोजू लागले. हिरवी पट्टी गूगलने २०१६ मध्ये बंद केली.

आपल्याकडे या सगळ्याला वेगळंच वळण होतं. अमेरिकेत पहिल्या क्रमांकासाठी मारामाऱ्या चालल्या होत्या तेव्हा मराठी मजकूर यादीतच नव्हता. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी साइटी आपापला फाँट वापरत. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठवलेली अक्षरं रोमन असत. फाँट फक्त त्यांना देवनागरी रूप चढवी. कृतिदेव फाँटमध्ये ‘भारत’ दिसण्यासाठी आत एच-के-के-जे-आर अशी अक्षरं असतात. सर्च इंजिनाला तीच दिसत. फाँट उतरवून घेतला नसेल तर वाचकालाही तीच दिसत. अशा पानावर शीर्षक कितीही नेमकं द्या, लिंक कितीही जमवा, देवनागरीत ‘भारत’ शोधणाऱ्याला ते सापडणं शक्यच नव्हतं. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडमध्ये होता. त्याची पानं सापडू लागली ती एसईओच्या करामतीमुळे नव्हे, त्यातली अक्षरं खरोखर अक्षरं होती म्हणून.

युनिकोड आल्यावरही गोम उरलीच. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप करता येतो, डोळ्याला एकच शब्द, यंत्राला दोन. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीचे लोक ‘अ’वर चंद्र काढत, आणि दोन्ही रूपं आजही चालू आहेत. त्यात कितीतरी वाचक पोह्यांची कृती इंग्रजी अक्षरांत टाइप करून शोधणार, काही ‘पाककृती’ म्हणणार, बहुतेक ‘रेसिपी’. मराठी साइट चालवणाऱ्याने याची दखल घेतली तर तिला एसईओ म्हणा किंवा गिऱ्हाइकाची बोली ओळखणं म्हणा. ते करावंच लागतं, आणि त्यासाठी कुणा तज्ज्ञाला महिन्याचा पगार द्यावा लागत नाही.

दरम्यान पहिल्या क्रमांकाचा अर्थही पातळ झाला. स्वतःच्या सेवांना निकालात झुकतं माप दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही निकालांच्या डोक्यावर एआयने लिहिलेला सारांश दिसू लागला, आणि पुष्कळांचा शोध तिथेच संपतो. लिंकवर टिचकी मारायची वेळच येत नाही. सर्च इंजिनांचा पहिला वाटाड्या डॅनी सलिव्हन २०१७ मध्ये गूगलमध्येच नोकरीला लागला, आणि साइटवाल्यांच्या तक्रारी ऐकून घेणं हे त्याचं काम झालं.

जुन्या फाँटातली ज्यांची पानं कुणी युनिकोडमध्ये आणली नाहीत, ती मात्र जिथल्या तिथे आहेत. त्यांतली एखादी बातमी आज हवी असेल तर एच-के-के-जे-आर असं टाइप करून बघावं लागेल.