ॲम्प मॉडेल आणि कॅब आयआर: चरचर नेमकी कुठून येते

“गिटारच्या मल्टी-इफेक्ट प्रोसेसरचं डिस्टॉर्शन (फाटका आवाज) चरचरतं, ट्रेबल शून्यावर आणलं तरी जात नाही. कोणता ॲम्प लावू?” या प्रश्नाला येणारी उत्तरं ठरलेली असतात. अमुक पेडल घे, पिकअप बदल, ट्यूब ॲम्पशिवाय मजा नाही, हा विक आणि मोठा प्रोसेसर घे. बहुतेक वेळा यातलं काहीच करावं लागत नाही. प्रोसेसरमधलं कॅब, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल, बंद असतं, नाहीतर दोनदा लागलेलं असतं, नाहीतर भलत्याच जागी बसवलेलं असतं. ॲम्प मॉडेल आणि कॅब ही दोन वेगळी कामं आहेत हे डोक्यात पक्कं नसलं की एकाच्या दुखण्यावर दुसऱ्याला औषध पाजणं सुरू होतं.

ॲम्पबद्दल फार लिहीत नाही. गेन, बास, मिडल, ट्रेबल, मास्टर सगळ्यांनीच फिरवलेले असतात. मॉडेल म्हणजे प्रोसेसरमधला नकली ॲम्प; तो खऱ्या ॲम्पच्या सर्किटची नक्कल करतो आणि तुमच्या हाताला प्रतिसाद देतो. पिक हलकी लावली तर स्वच्छ, जोरात लावली तर फाटणार. गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की डिस्टॉर्शनही उतरणार. जाहिराती याच भागाच्या होतात. खोक्यावर ॲम्पची संख्या ठळक छापलेली असते आणि कॅबची यादी मॅन्युअलच्या मागच्या पानांत दडलेली असते, यावरून माझी कायमची चिडचिड आहे.

आता कॅब. म्हणजे स्पीकर, तो बसवलेली लाकडी पेटी आणि पुढे ठेवलेला माइक, असं तिन्ही मिळून. गिटारचा बारा इंची स्पीकर फार वरचे सूर वाजवूच शकत नाही. सेलेस्चन या कंपनीचा व्हिंटेज ३० हा स्पीकर घ्या. १९८६ पासून तो रॉक-मेटलवाल्यांच्या पेट्यांत वाजतो आहे आणि कंपनी स्वतःच त्याची कक्षा ७० ते ५,००० हर्ट्झ सांगते. पाच हजारांच्या वर आवाज झपाट्याने खाली कोसळतो. हेडफोन, मिक्सरला जोडलेले स्पीकर, स्टुडिओ मॉनिटर हे सगळे मात्र वीस हजारांच्या आसपासपर्यंत इमानदारीत वाजवतात.

डिस्टॉर्शन म्हणजे मूळ सुरावर हार्मोनिक्सचा, म्हणजे त्याच्या पटीतल्या वरच्या सुरांचा, ढीग रचणं. तो ढीग पाच हजारांवर थांबत नाही, दहा हजारांच्याही पुढे जातो. खऱ्या ॲम्पच्या आतही ही सगळी घाण असते. आपल्या कानावर ती कधी पडत नाही, कारण स्पीकर ती गाळून टाकतो. कॅब बंद करून ॲम्प मॉडेल हेडफोनवर ऐकलं की तुम्हाला पहिल्यांदाच गाळणीच्या अलीकडचा आवाज ऐकू येतो. तीच ती चरचर. प्रोसेसर बिघडलेला नाही. कितीही महागडा ॲम्प अशाच तऱ्हेने ऐकलात तरी तो असाच चरचरेल.

मग ट्रेबल कमी करून ती का जात नाही? ॲम्पचं ट्रेबल त्या कामासाठी नाहीच. बऱ्याच फेंडर ॲम्पमध्ये टोनची बटणं पहिल्याच टप्प्यानंतर येतात, गेनचे पुढचे टप्पे त्यांच्या मागून. मार्शल जेसीएम८०० मध्ये ती प्रीॲम्पच्या (आवाज घडवणाऱ्या पहिल्या भागाच्या) गेननंतर येतात, पण पॉवर ॲम्पच्या (स्पीकर हलवणाऱ्या शेवटच्या भागाच्या) आधी. ट्रेबल कमी केलं की दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपासची धार जाते, जिच्यामुळे गिटार ड्रम्स आणि कीबोर्डमधून वर येते. आठ हजारांवरची चरचर बरीचशी तिथेच राहते. हाती उरतो तो दबलेला आणि तरीही चरचरणारा आवाज. शेवटी इक्यू टाकून वरचं छाटलं तर थोडं बरं वाटतं, पण स्पीकरची उतरंड साध्या हाय कटपेक्षा (वरचे सूर कापणाऱ्या गाळणीपेक्षा) बरीच तीव्र असते आणि त्याच्या कक्षेच्या आतही चढउतार असतात. एका हाय कटने ते सगळं उभं राहत नाही.

हे चढउतार साठवून ठेवायचा मार्ग म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, आपल्या बोलण्यातला आयआर. खऱ्या पेटीसमोर माइक ठेवून घेतलेली छोटीशी वॅव्ह फाइल. ४८ किलोहर्ट्झवर १,०२४ सँपलचा आयआर जेमतेम २१ मिलिसेकंदांचा होतो. आणि लोक घसरतात ती जागा हीच: आयआरला तुम्ही हळू वाजवताय की जोरात याचं काही पडलेलं नसतं. कोणत्याही सिग्नलवर तो एकच ठरलेली गाळणी लावतो. खरा स्पीकर जोरात वाजवल्यावर थोडा दबतो, थोडा फाटतो; ते आयआरमध्ये येत नाही. म्हणून ‘या आयआरने गेन वाढला’ किंवा ‘या आयआरने अटॅकला प्रतिसाद छान येतो’ असं कुणी म्हणालं की समजावं, त्याचा नवा आयआर जुन्यापेक्षा नुसता मोठ्याने वाजतोय. दोन्हींची पातळी सारखी करून ऐका.

यातून जागेचाही नियम निघतो. कॅब ॲम्पच्या नंतरच. आधी ठेवलं तर स्वच्छ सिग्नल गाळला जातो, मग ॲम्प त्यावर नव्याने हार्मोनिक्स चढवतो आणि गाळायला पुढे कोणी नाही. ॲम्पच्या नंतर मात्र कॅब साध्या डिलेच्या (प्रतिध्वनीच्या इफेक्टच्या) आधी आहे की नंतर याने फारसा फरक पडत नाही, कारण ती दोन्ही कामं रेषीय आहेत, म्हणजे नवे हार्मोनिक्स चढवत नाहीत. तरी या विषयावर तासन्‌तास वाद घालणारे भेटतात.

आता मुख्य प्रश्न: कॅब चालू ठेवायचं की बंद? त्यासाठी एकच बघायचं. वायरच्या शेवटच्या टोकाला गिटारचा स्पीकर आहे का?

नसेल, म्हणजे हेडफोन, ऑडिओ इंटरफेस, मिक्सर किंवा पीए (कार्यक्रमाची साउंड सिस्टिम) असेल, तर कॅब चालू. असेल, म्हणजे वायर कुठल्याही गिटार ॲम्पमध्ये जात असेल, तर कॅब बंद. दोन्ही लावले की वरचा भाग दोनदा गाळला जातो आणि गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी येते. मग माणूस ट्रेबल आणि प्रेझेन्स (वरची धार वाढवणारं बटण) शेवटपर्यंत चढवतो. तोच पॅच (साठवलेली सेटिंग) पुढच्या कार्यक्रमात थेट मिक्सरला गेला की पहिल्या रांगेतले लोक कान धरतात.

ॲम्पमध्ये कुठे जोडायचं हेही बघा. पुढच्या इनपुटमध्ये जोडलं की प्रोसेसरमधल्या ॲम्पच्या नंतर खऱ्या ॲम्पचा प्रीॲम्प लागतो, म्हणजे दोन प्रीॲम्प. ॲम्प मॉडेल वापरायचं असेल तर ॲम्पच्या मागे असलेल्या एफएक्स लूपच्या रिटर्नमध्ये जोडा; तिथून सिग्नल प्रीॲम्प टाळून थेट पॉवर ॲम्पला जातो. रिटर्न नसेल तर मॉडेलही बंद करा आणि प्रोसेसरला नुसतं पेडलबोर्ड म्हणून वापरा, मला तेच आवडतं. रोलँड जेसी-१२० स्वच्छ वाजतो म्हणून अनेक जण त्याला पीए समजून कॅब चालू ठेवतात. १९७५ पासूनच्या या ॲम्पमध्ये बारा इंचांचे दोन गिटार स्पीकरच आहेत. कॅब बंदच.

बॉसच्या जीटी-१ या प्रोसेसरमध्ये यासाठी आउटपुट सिलेक्ट नावाचा पर्याय आहे. जेसी-१२०, कॉम्बो, स्टॅक, त्यांचे रिटर्न आणि लाइन/फोन्स अशी निवड असते. प्रोसेसर घेऊन वर्ष उलटलं तरी हे पान न उघडलेले लोक मी कितीतरी पाहिले आहेत. लाइन ६ च्या हेलिक्समध्ये ॲम्प अधिक कॅब, नुसता ॲम्प आणि नुसता प्रीॲम्प असे तीन वेगळे ब्लॉक मिळतात. रिटर्नमध्ये जायचं असेल तर तिसरा घ्या, कारण पॉवर ॲम्प पुढे खरा आहेच.

गणपतीच्या मंडपात किंवा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मागे ॲम्पही हवा असतो आणि साउंडवाल्याला मिक्सरसाठी थेट लाइनही हवी असते. तिथे एकच आउटपुट दोघांना वाटून दिलं तर कुणा एकाचा आवाज बिघडणारच. यंत्र परवानगी देत असेल तर सिग्नल दोन वाटांनी फोडा, मिक्सरच्या वाटेवर कॅब आणि ॲम्पच्या वाटेवर नाही. यंत्र देत नसेल तर सरळ ॲम्पसमोर माइक लावायला सांगा. कॅब नसलेली लाइन मिक्सरवर गेली की साउंडवाला तुमच्या चॅनेलचं सगळं वरचं टोक कापतो. मग सोलोला गिटार ऐकू येत नाही आणि दोष त्याच्या माथी.

‘खोलीतल्या ॲम्पसारखं वाटत नाही’ ही तक्रार वेगळी, आणि खरी आहे. आयआरमध्ये माइकने ऐकलेला आवाज असतो. स्पीकरच्या कोनसमोरून (कागदी शंकूसमोरून), काही इंचांवरून, बहुधा १९६५ पासून चालत आलेल्या शुअर एसएम५७ माइकने. खोलीत तुमचा कान पेटीपासून लांब आणि बराच वर असतो. पण तुमच्या आवडत्या रेकॉर्डवरची गिटारही माइकमधूनच आलेली असते. हेडफोनवर खोली शोधत बसू नका. फार वाटलं तर थोडा रूम रिव्हर्ब द्या.

हजारो आयआरचे पॅक उतरवून एकेक लावत बसणं हा गिटार न वाजवण्याचा उत्तम मार्ग आहे. मी हेवीसाठी बंद पाठीच्या चार गुणिले बारा (बारा इंची चार स्पीकरांच्या) पेटीतला व्हिंटेज ३० घेतो, क्लीनसाठी उघड्या पाठीचा एक गुणिले बारा, माइक कोनच्या मध्यापासून जरा बाजूला. मध्यावर माइक असलेला आयआर हेडफोनवर चकाचक लागतो आणि स्टेजवर टोचतो. दोन आयआर एकत्र लावायचा मोह होतो, पण त्यांच्या वेळा जुळलेल्या नसतील तर काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि आवाज पोकळ होतो. एकच ठेवा. लो कट ९० हर्ट्झच्या आसपास (खालची जाड तार ८२ वर असते, बासवाल्याशी भांडायची गरज नाही) आणि हाय कट सात हजारांवर. आवाज ठरवताना ज्या जोराने वाजवणार त्या जोराने ऐका. रात्री हळू आवाजात बनवलेल्या पॅचमध्ये बास आणि ट्रेबल नेहमी जास्त होतात.

मॉडेलर आणि प्रोफायलर यांतला फरक वाजवणाऱ्याच्या दृष्टीने किरकोळ आहे. एक सर्किटची नक्कल करतो, दुसरा तयार आवाजाची छाप घेतो. फक्त एक सापळा आहे, आणि न्यूरल ॲम्प मॉडेलर हे छाप घेणारं सॉफ्टवेअर फुकट मिळायला लागल्यापासून त्यात रोज कुणीतरी पडतंय. लोकांनी इंटरनेटवर चढवलेल्या कॅप्चरपैकी (अशा छापांपैकी) काहींत नुसता ॲम्प असतो, काहींत कॅब आणि माइकसकट सगळं. नावात ते लिहायचे कष्ट चढवणारे घेत नाहीत, याबद्दल त्यांना दंड करायला हवा. तपासायची रीत सोपी: आयआर काढून टाका, गेन चढवा, हेडफोनवर एक पॉवर कॉर्ड मारा. चरचरलं तर आत कॅब नाही, आयआर लावा. तयार रेकॉर्डिंगसारखं वाजलं तर कॅब आत आहे, आणि मग तुमचा आयआर बंदच राहू द्या.