१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी एक नुस्खा फिरत येतो: ‘वायफाय कनेक्टेड दिसतंय पण नेट नाही? डीएनएस बदलून ८.८.८.८ टाका, लगेच सुरू!’ ८.८.८.८ ही गूगलने २००९ साली सुरू केलेली डीएनएस सेवा. तिला संकेतस्थळाचं नाव दिलं की ती त्याचा आकडी पत्ता सांगते. उपयोगाची आहे, वाद नाही. पण तुमच्या लॅपटॉपलाच धड आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला स्वतःचा आकडी पत्ता, मिळालेला नसेल, तर तुमचा प्रश्न तिथवर पोचणार कसा आणि उत्तर परत यायचं कुणाकडे?

म्हणून डीएनएसला हात लावण्याआधी, राउटर बंद-चालू करण्याच्याही आधी, मशिनकडे पत्ता कोणता आहे तेवढं बघावं. बिघाड कुठे आहे हे निम्म्या वेळा तो आकडाच सांगून टाकतो. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाइप करायचं, फोनवर वायफायच्या नावावर टिचकी मारून तपशील उघडायचा. घरात तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो, क्वचित १० ने. हे पट्टे खासगी वापरासाठी राखीव आहेत, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपचा १९२.१६८.१.५ आणि नाशिकच्या मावशीच्या टीव्हीचा १९२.१६८.१.५ एकमेकांच्या आड येत नाहीत.

आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मात्र थांबा. अनेकांना तो एरर कोड वाटतो. तसं नाही, तो खरोखरचा पत्ता आहे, फक्त मशिनने स्वतःच स्वतःला दिलेला. विंडोज ९८ पासून ही सोय आहे आणि २००५ साली तिचे नियम रीतसर ठरले. मशिन सुमारे ६५ हजार पत्त्यांतून एक आकडा उचलतं, ‘हा कुणी वापरतंय का?’ असं तीनदा विचारतं आणि कुणी हरकत घेतली नाही तर त्यावर बसतं. अशा पत्त्यावर दोन लॅपटॉप थेट वायरने जोडून फाइली पाठवता येतात, पण राउटर त्याला घराबाहेर जाऊ देत नाही. थोडक्यात, १६९.२५४ चा अर्थ ‘मी पत्ता मागितला, कुणी उत्तरच दिलं नाही’ असा.

आता हे मागणं कसं चालतं ते बघू, कारण मला या सगळ्यात तेच सर्वांत आवडतं.

अडचण अशी की पत्र पाठवायला पाठवणाऱ्याचा पत्ता लागतो आणि घेणाऱ्याचाही. नव्याने जोडलेल्या मशिनकडे दोन्ही नाहीत. आपण कोण हे ठाऊक नाही, राउटर कुठे बसतो तेही ठाऊक नाही. यावर १९९३ साली डीएचसीपी नावाची पद्धत आली. तिचे नियम राल्फ ड्रोम्स यांनी लिहिले आणि आज चालतो तो त्यांचाच १९९७ चा सुधारित मसुदा. मशिन पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० लिहितं आणि घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे ‘जो कुणी ऐकेल तो’. नव्या भाडेकरूने चाळीच्या चौकात उभं राहून ‘मालक कोण आहेत हो?’ असं ओरडावं, तसं. हा झाला डिस्कव्हर. हाक टीव्हीला, प्रिंटरला, सगळ्यांनाच ऐकू जाते. पण ती ६७ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे एका ठरावीक कामाच्या खिडकीवर, येते आणि तिथे फक्त पत्ते वाटणारा सर्व्हर कान देऊन असतो. घरात हा सर्व्हर म्हणजे राउटरमधलाच एक छोटा प्रोग्रॅम.

हाकेत दोन गोष्टी असतात: मशिनचा ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक, आणि ३२ बिटांचा एक यादृच्छिक आकडा. लाइट जाऊन आली की घरातली सगळी उपकरणं एकदमच ओरडायला लागतात. कुठलं उत्तर कुणाचं, हे त्या आकड्यावरून कळतं. राउटर ऑफर धाडतो: १९२.१६८.१.१०४ घे, २४ तासांसाठी, बाहेर जायचा दरवाजा म्हणजे गेटवे हा, डीएनएस हा. मशिन म्हणतं, ‘मला हा पत्ता द्या’, ती रिक्वेस्ट. राउटर शिक्का मारतो, ते अ‍ॅकनॉलेज.

यातली रिक्वेस्ट मोठी मजेशीर आहे. ऑफर कुणाकडून आली हे मशिनला आता कळलेलं असतं, तरी ते पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असंच ओरडतं. कारण जाळ्यात एकाहून जास्त सर्व्हर असू शकतात. ज्याची ऑफर घेतली त्याचं नाव मोठ्याने उच्चारलं की बाकीचे समजतात आणि आपापले राखून ठेवलेले पत्ते परत साठ्यात टाकतात. एका ओरडण्यात होकार आणि नकार दोन्ही उरकले!

दिलेला पत्ता कायमचा नसतो. मुदत २४ तास असेल तर १२ तासांनी मशिन त्याच सर्व्हरकडे गुपचूप मुदतवाढ मागतं. ती मिळालीच नाही तर सात-अष्टमांश मुदत संपल्यावर, म्हणजे २१ व्या तासाला, दिसेल त्याच्याकडे मागतं. राउटरमधली पत्ते वाटायची सोय कुणी चुकून बंद केली, तरी म्हणूनच लगेच काही कळत नाही. खोडी सकाळची असते आणि बोंब दुसऱ्या दिवशी होते.

या देखण्या रचनेत एक भोक आहे. पहिलं उत्तर देणाऱ्यावर मशिन बहुधा डोळे झाकून विश्वास ठेवतं. सर्व्हरची ओळख पटवायची पद्धत २००१ साली सुचवली गेली होती, पण ती रुळली नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका घरात हेच घडलं. आतल्या खोलीत रेंज येईना म्हणून मुलाने माळ्यावरचा जुना राउटर काढून वायरने मुख्य राउटरला जोडला, लॅन पोर्टातून लॅन पोर्टात, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या खाचांतून. आता घरात वाटप करणारे दोघे झाले. मुख्य राउटर १९२.१६८.१ चे पत्ते देई, जुना १९२.१६८.० चे. वर जुना ‘गेटवे मीच’ असंही सांगे, आणि त्याला बाहेरची वायरच नव्हती! ज्याला मुख्य राउटरचं उत्तर आधी मिळालं त्याचं नेट चालू, ज्याला जुन्याचं मिळालं त्याचं ठप्प. परत जोडलं की नशीब पालटे. मधल्या काळात एका हितचिंतकाने राउटर आग्नेय कोपऱ्यात हलवायला सांगितलं. हलवताना सगळं बंद-चालू झालं, या खेपेला मुख्य राउटरने बाजी मारली, आणि श्रेय गेलं आग्नेय दिशेला. दोन दिवसांनी उपकरणं पुन्हा जोडली गेली तेव्हा दिशा तीच होती, नेट नव्हतं.

असला घोळ पकडायला ‘आयपीकॉन्फिग’च्या पुढे स्लॅश देऊन ‘ऑल’ टाकायचं. येणाऱ्या यादीत ‘डीएचसीपी सर्व्हर’ अशी ओळ असते. त्यापुढे तुमच्या मुख्य राउटरचा आकडा नसेल, तर चोर सापडला. मग जुन्या राउटरमधली डीएचसीपीची सोय बंद करायची आणि त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा, वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा ठेवायचा. वायर होती तिथेच राहू द्यावी. मशिनांकडचे जुने पत्ते मात्र आपोआप लगेच जात नाहीत, प्रत्येकाचं वायफाय एकदा बंद-चालू करावं लागतं.

‘व्हीपीएन घ्या, कुठल्याही वायफायवर बिनधास्त बसा’ अशा जाहिराती करणाऱ्यांनाही हा आंधळा विश्वास मे २०२४ मध्ये नडला. डीएचसीपीच्या उत्तरात ‘अमुक ठिकाणी जायला या रस्त्याने जा’ असंही सांगता येतं, तो १२१ क्रमांकाचा पर्याय. व्हीपीएन तुमची रहदारी एका कुलूपबंद बोगद्यातून नेतं; हा पर्याय वापरून ती बोगद्याबाहेरून वळवता येते, हे संशोधकांनी दाखवलं आणि त्याला ‘टनेलव्हिजन’ नाव दिलं. अँड्रॉइड वाचलं, कारण ते हा पर्याय मुळात वाचतच नाही.

परत १६९.२५४ कडे. सगळ्यात आधी वायर बघा. खटका तुटलेली पिन अर्धवट बसलेली असते आणि दिवा तरीही लुकलुकतो. लाइट आल्यावर पीसी राउटरच्या आधी उठला असेल तर काहीच करू नका, विंडोज दर ५ मिनिटांनी पुन्हा विचारतं. पत्त्यांचा साठा संपलेला असू शकतो. काही राउटरमध्ये तो छोटाच असतो. गणपतीत आरतीला आलेल्यांनी वायफाय जोडलं, ते प्रसाद घेऊन गेले, पण त्यांचे पत्ते उद्यापर्यंत अडकून राहिले. मुदत २ तासांवर आणली की हा प्रश्न मिटतो.

प्रिंटरचं दुखणं वेगळं. त्याला कुणी हाताने १९२.१६८.१.१०५ दिलेला असतो आणि राउटर १०० ते १९९ वाटत असतो. प्रिंटर बंद असताना १०५ एखाद्या फोनला जातो, प्रिंटर जागा झाला की दोघांची जुंपते. पत्ता प्रिंटरमध्ये हाताने भरण्यापेक्षा राउटरमध्येच त्याच्या मॅक पत्त्यावर राखून ठेवावा. फोनसाठी असं राखायला गेलात तर एक अडथळा येईल: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक पत्ता दाखवतात. फोनचा मूळ मॅक पत्ता राउटरमध्ये भरून काहीच होणार नाही. राउटरच्या यादीत तो फोन ज्या आकड्याने दिसतोय, तोच भरायचा.