राष्ट्राचा आब आणि 680 येनचं पुस्तक

प्रस्तावनेतच लेखक वाचकाला सावध करतो. बायकोच्या मते आपल्या बोलण्यातला निम्मा भाग चुका आणि गैरसमजांचा असतो आणि उरलेला निम्मा अतिशयोक्तीचा, असं तो सांगून टाकतो. एवढं कबूल केल्यावर गडी मोकळा. मग जागतिकीकरण, बाजारपेठ, लोकशाही, इंग्रजी, सगळ्यांवर आसूड.

हे पुस्तक म्हणजे ‘कोक्का नो हिंकाकु’. लेखक जपानचे मासाहिको फुजिवारा, पेशाने गणिताचे प्राध्यापक. नोव्हेंबर 2005 मध्ये शिंचोशा या प्रकाशनाने ते काढलं आणि वर्षभरात खपाने वीस लाखांचा आकडा ओलांडला. जेमतेम दोनशे पानांचं, 680 येन किंमतीचं पुस्तक. कोटाच्या खिशात मावतील अशा या पुस्तकांना तिकडे ‘शिंशो’ म्हणतात. आगगाडीत उभ्याउभ्या वाचायची, दोन-तीन फेऱ्यांत संपवायची. मूळ एका व्याख्यानावर बेतलेलं असल्यामुळे भाषाही बोलकी, टाळ्या घेणारी.

‘हिंकाकु’चं मराठी काय करायचं? प्रतिष्ठा म्हटलं तर ती लोकांनी द्यायची गोष्ट झाली. घरंदाजपणा म्हटलं तर कुळाचा वास येतो. मला ‘आब’ जवळचा वाटतो, म्हणजे पुस्तकाचं नाव झालं ‘राष्ट्राचा आब’. जपानी माणसाच्या कानावर हा शब्द प्रामुख्याने सुमोमुळे असतो. योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदाचा मल्ल, व्हायला नुसती ताकद पुरत नाही, हिंकाकुही लागतो, असं तिथल्या निकषांतच लिहिलेलं आहे. तो मोजायचा कसा, यावर वर्षानुवर्षं वाद. फुजिवारांनी हा आखाड्यातला निकष उचलून देशाला लावला.

वेळही अचूक साधली गेली. डिसेंबर 1989 च्या अखेरीस टोकियोचा शेअर निर्देशांक 38,900 च्या वर होता. नंतर फुगा फुटला आणि पंधरा वर्षं जपान चाचपडत राहिला. आजन्म नोकरीचा भरवसा गेला. तेव्हाचे पंतप्रधान ज्युनिचिरो कोइझुमी सुधारणांचा नारा देत होते आणि टपालखात्याच्या खासगीकरणावरून त्यांनी सप्टेंबर 2005 मध्ये घेतलेली निवडणूक दणक्यात जिंकली. त्याच वर्षी टाय न घालणारा, टी-शर्टातला एक तरुण इंटरनेट उद्योजक, ताकाफुमी होरिए, एक रेडिओ कंपनी बळकावून फुजी टीव्हीपर्यंत पोचू पाहत होता. हे कायद्यात बसतं की नाही यावर देशभर चर्चा. फुजिवारांचं उत्तर असं, की कायद्यात बसत असेल, पण हे भ्याडपणाचं आहे. जानेवारी 2006 मध्ये होरिएला रोखे कायद्याच्या भंगाच्या संशयावरून अटक झाली, तेव्हा पुस्तक दुकानात ताजंच होतं.

तर्काने सगळं सुटत नाही, हा पुस्तकाचा गाभा. आणि तो गणितज्ञ सांगतो म्हणून लोक थांबून ऐकतात. माणसाला का मारायचं नाही, हे तर्काने सिद्ध करता येत नाही, मुलांना ते शिकवावंच लागतं, असं ते म्हणतात. दाखल्याला त्यांनी आइझु संस्थानातला मुलांचा पाठ घेतला आहे. सामुराई घरातली सहा ते नऊ वर्षांची पोरं रोज एकत्र बसून सात नियम म्हणायची : वडीलधाऱ्यांची आज्ञा मोडू नये, खोटं बोलू नये, भ्याडपणा करू नये, दुबळ्याला छळू नये, असे. शेवटी पालुपद, ‘जे करायचं नाही, ते करायचं नाही.’ कारण विचारायची सोय नाही. सातवा नियम घराबाहेर बाईमाणसाशी बोलू नये असा आहे. तेवढा मात्र फुजिवारांनाही आजच्या काळात परवडत नाही. म्हणजे जे करायचं नाही त्यातही निवड आलीच! इथे तर्क मागच्या दाराने आत येतो, असं मला वाटतं.

घरची गोष्ट याहून पक्की आहे. फुजिवारांचा जन्म 1943 चा, तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या मांचुरियातला. 1945 मध्ये सोव्हिएत फौजा घुसल्या, वडील मागे अडकले आणि आई तीन लहान मुलांना घेऊन कोरियातून चालत, उपाशीतापाशी जपानला परतली. सगळ्यात धाकटं तर तान्हं होतं. आईने, तेई फुजिवारांनी, ही हकिगत 1949 मध्ये लिहिली आणि ते पुस्तकही तुफान खपलं. वडील म्हणजे कादंबरीकार जिरो नित्ता. हवामान खात्यात असताना फुजी पर्वतावरच्या रडारचं काम त्यांनी पार पाडलं. मारामारीचे त्यांचे नियम मुलाने पुस्तकात दिले आहेत. थोराने लहानाला मारायचं नाही, अनेकांनी एकट्याला नाही, मुलाने मुलीला नाही, हत्यार घ्यायचं नाही, समोरचा रडला किंवा माफी मागू लागला की हात आवरायचा. का? कारण ते भ्याडपणाचं. आइझुच्या पाठापेक्षा हा भाग मनाला जास्त लागतो.

गंमत अशी, की परंपरेचं प्रेम त्यांना टोकियोत जडलं नाही. सत्तरीच्या दशकात अमेरिकेत शिकवून आले तेव्हा ते तर्काचे भक्त होते. परतल्यावर विद्यापीठाच्या बैठकांत मुद्देसूद भांडायचे आणि हरायचे. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी केंब्रिजला गेले. न्यूटनच्या काळच्याच दालनात, काळे झगे घालून, मेणबत्तीच्या मिणमिणत्या उजेडात जेवणारे प्राध्यापक पाहिले आणि पारडं फिरलं.

‘आम्ही जपानी कोण’ या प्रश्नाचं तिथे अख्खं कपाटच आहे. निहोनजिनरोन त्याचं नाव. नोमुरा रिसर्च इन्स्टिट्यूटने 1946 ते 1978 या काळातली अशी पुस्तकं मोजली, तर ती जवळजवळ 700 भरली. या कपाटात मानाची जागा रूथ बेनेडिक्ट या अमेरिकन बाईंची, ज्यांनी जपानला पाय न लावता 1946 मध्ये जपानवर ग्रंथ लिहिला. आपल्याला जवळचं उदाहरण चिए नाकाने यांचं. या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ईशान्य भारतात क्षेत्रकाम केलं आणि 1967 च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात जपानची तुलना भारताशी केली. भारतात माणूस जातीने ओळखला जातो, जपानमध्ये तो कुठल्या चौकटीत, कुठल्या कंपनीत आहे त्याने. 1989 मध्ये सोनीचे अकिओ मोरिता आणि राजकारणी शिंतारो इशिहारा यांनी अमेरिकेला ‘नाही’ म्हणू शकणाऱ्या जपानवर लिहिलं. त्यात भरल्या खिशाचा ताठा होता. फुजिवारांच्या वेळेस खिसा हलका झाला होता, म्हणून आब आठवला.

आणि आब म्हणजे बुशिदो, सामुराईंचा धर्म. इथे फुजिवारा इनाझो नितोबे यांचा आधार घेतात. 1984 पासून वीस वर्षं 5000 येनच्या नोटेवर होते तेच. त्यांचं ‘बुशिदो’ 1900 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालं. नितोबे ख्रिस्ती, क्वेकर पंथाचे. पुस्तक लिहिलं इंग्रजीत. प्रस्तावनेत ते सांगतात, की एका बेल्जियन कायदेपंडिताने विचारलं होतं, तुमच्या शाळांत धर्म शिकवत नाहीत, मग नीती कशी शिकवता? तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. शिवाय अमेरिकन बायको मेरी सारखं विचारायची, तुमच्याकडे हे असं का? इथेही प्रस्तावनेत बायको आहेच. सामुराईंच्या कमरेची तलवार तर 1876 मध्येच कायद्याने उतरवली होती. म्हणजे ज्या ठेव्याकडे परत जायचं, त्याचं हे सर्वांत प्रसिद्ध रूप परक्यांच्या प्रश्नांना, परक्यांच्या भाषेत दिलेलं उत्तर होतं. पुढे दुसऱ्या महायुद्धात लष्कराने याच बुशिदोच्या नावाने सैनिकांना शरण न जाता मरायला शिकवलं, हे सर्वांना ठाऊक आहे.

फुजिवारांची भारतवारीही यात येते. रामानुजन कुठल्या मातीत उगवला, हे पाहायला ते तामिळनाडूत गेले. मद्रासमध्ये निराशा झाली. कुंभकोणम आणि तंजावरची मंदिरं पाहिल्यावर मात्र त्यांना वाटलं, सापडलं. प्रतिभेला सौंदर्य लागतं आणि कशापुढे तरी झुकायची सवय लागते, हा त्यांचा सिद्धान्त त्यातूनच पक्का झाला. कुंभकोणमच्या बाकी मुलांचं काय, हा प्रश्न गणितज्ञाला पडायला हवा होता.

शाळेच्या बाबतीत त्यांचं सूत्र ठरलेलं. पहिली मातृभाषा, दुसरी मातृभाषा, तिसरं-चौथं काही नाही, पाचवं अंकगणित; इंग्रजी दहाव्या क्रमांकाच्याही पुढे. महाराष्ट्रात 2000 सालीच पहिलीपासून इंग्रजी आलं होतं, त्यामुळे हा वाद आपल्याला परका नाही. जपानने अखेर 2011 मध्ये पाचवी-सहावीला इंग्रजीचे तास सुरू केले. आणि फुजिवारांच्या पुस्तकाची जपानी-इंग्रजी आवृत्ती त्याआधी, 2007 मध्येच, बाजारात आली होती.

वर्षातला सर्वांत गाजलेला शब्द निवडण्याच्या जपानमधल्या स्पर्धेत 2006 साली ‘हिंकाकु’ने अव्वल क्रमांक पटकावला, तोही स्केटिंगपटू शिझुका आराकावाच्या ‘इना बाउअर’ या घसरत जाण्याच्या पवित्र्यासोबत विभागून. त्याच सप्टेंबरात पंतप्रधान झालेले शिंझो आबे ‘सुंदर देशा’ची भाषा बोलत होते, आणि डिसेंबरमध्ये 1947 चा शिक्षणाचा मूलभूत कायदा बदलून त्यात देशप्रेमाचा उल्लेख आला. बाजार मात्र वेगळ्याच दिशेने धावला. मारिको बांदो यांचं बायकांच्या हिंकाकुवरचं पुस्तक आलं आणि ते फुजिवारांच्याही पुढे गेलं. जानेवारी 2007 मध्ये निप्पोन टीव्हीवर ‘हाकेन नो हिंकाकु’ ही मालिका लागली. हाकेन म्हणजे एजन्सीमार्फत पाठवलेली कंत्राटी कर्मचारी. अशी माणसं कारखान्यांत घ्यायची मुभा कोइझुमींच्याच काळात, 2004 मध्ये मिळाली होती. मालिकेची नायिका सगळ्या कामांत तरबेज. पण कंपनीशी निष्ठा वगैरे मानत नाही, साहेबांसोबत प्यायला जात नाही, आणि सहाचा ठोका पडला की पर्स उचलून चालू लागते.