हॉरर सिनेमातली भीती: कॅमेरा, आवाज आणि दृश्यं

हॉरर सिनेमात भीती तयार होते ती भूत किंवा खुनी दाखवल्यामुळे कमी आणि तो दाखवायचा टाळल्यामुळे जास्त. पडद्यावर तो एकदा पूर्ण दिसला की त्याचा आकार कळतो आणि तिथून भीती उतरायला लागते, म्हणून कॅमेरा, आवाज आणि दृश्यांची मांडणी हे तिन्ही मिळून ते दिसणं जमेल तितकं लांबवत नेतात. सगळ्यांनाच एवढा धीर नसतो म्हणा, काही पिक्चर पहिल्या दहा मिनिटातच सगळं उघड करून मोकळे होतात.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९७५ चा जॉज. यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा, त्यामुळे दिग्दर्शक स्पीलबर्गला तो बराच वेळ दाखवताच आला नाही, मग शार्क आलाय हे संगीतकार जॉन विल्यम्सच्या दोन सुरांवरून आणि शार्कला अडकवलेल्या, पाण्यावर ओढल्या जाणाऱ्या पिवळ्या पिंपांवरून कळवलं, आणि पिक्चर जास्त भीतीदायक झाला.

कॅमेऱ्याची सगळ्यात साधी युक्ती म्हणजे रिकामी जागा. माणूस फ्रेमच्या एका कडेला, बाकी अर्धी फ्रेम मोकळी, मागे उघडं दार किंवा अंधारा पॅसेज, की प्रेक्षकाची नजर आपोआप तिथं जाऊन बसते, तिथं काही नसलं तरी. क्लोजअप याच्या उलट करतो, चेहरा एवढा जवळ आणतो की आजूबाजूचं काहीच दिसत नाही आणि धोका कुठूनही येऊ शकतो असं वाटत राहतं. कधी कॅमेरा सरळ खुन्याचेच डोळे होतो. जॉन कार्पेंटरच्या हॅलोवीनची (१९७८) सुरुवात अशीच आहे, कित्येक मिनिटं आपण त्याच्या नजरेनं घरात फिरतो, खून होतो, मग मुखवटा निघतो तर तो सहा वर्षांचा पोरगा. द शायनिंगमध्ये (१९८०) गॅरेट ब्राउननं स्टेडीकॅम (चालताना कॅमेरा हलू न देणारी, अंगावर बांधायची यंत्रणा) अगदी जमिनीलगत ठेवून पोराच्या तीनचाकी सायकलमागे फिरवला, त्यात चाकं लाकडी फरशीवर आली की खडखडाट आणि गालिच्यावर गेली की एकदम शांत, तेवढ्यावरच पुढच्या वळणाची धास्ती बसते. ब्लेअर विचमध्ये (१९९९) शूटिंग कलाकारांनीच केलेलं, त्यामुळे कॅमेरा हलत पळत असतो. पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटीनं (२००७) रात्रीच्या सीनसाठी कॅमेरा बेडरूममध्ये ट्रायपॉडवर ठेवून दिला, काय हललं ते तुम्हीच शोधा. यातली दुसरी पद्धत जास्त जालीम वाटते, कारण हलता कॅमेरा थोड्या वेळानं नुसता दमवतो.

पण खरं काम आवाजाचं. कुठलाही घाबरवणारा सीन म्यूट करून बघा, निम्म्याहून जास्त भीती तिथंच संपते. अचानक मोठा आवाज झाला की विचार करायच्या आधीच डोळे मिटतात, खांदे आखडतात, ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, म्हणून जंप स्केअर, म्हणजे अचानक मोठ्या आवाजासकट आलेला धक्का, पुढे काय होणार ते माहीत असूनही दचकवतो. त्याच्या आधी शांतता मुद्दाम ठेवतात, कान बारीक आवाजाकडे लागलेला असला की धक्का मोठा बसतो. १९४२ च्या कॅट पीपलमध्ये एक बाई रात्री एकटी चाललीय, मागून कुणाची तरी पावलं, मग ती पावलंही थांबतात, ती घाबरून पळायला लागते आणि एकदम जनावराच्या फिस्कारण्यासारखा आवाज येतो, तर ती निघते बस. निर्माता व्हॅल ल्यूटन, म्हणून अशा फसव्या धक्क्याला आजही ल्यूटन बस म्हणतात.

संगीताचं बघायचं तर सायको (१९६०), संगीतकार बर्नार्ड हरमननं त्यात फक्त तंतुवाद्यं वापरली, आणि शॉवरमधल्या खुनाच्या सीनला संगीतच नको असं दिग्दर्शक हिचकॉकचं आधी मत होतं. कर्कश आवाज अंगावर का येतो याचा संबंध प्राण्यांच्या धोक्याच्या ओरडण्याशी जोडला जातो. मार्मट या प्राण्यांच्या किंकाळ्यांवर काम केलेल्या डॅनियल ब्लूमस्टीननं सहकाऱ्यांसोबत १०२ सिनेमांचे साउंडट्रॅक तपासले आणि २०१० साली छापलं की हॉररमध्ये असे खरखरीत, गोंगाट मिसळलेले आवाज जास्त सापडतात. वॉटरफोन हे वाद्य तर जणू याच कामाला जन्मलंय, स्टीलच्या भांड्यात थोडं पाणी, कडेनं कमीजास्त उंचीच्या सळया, त्यावर गज फिरवला की सूर डगमगत राहतो. उलट टोकाला द बर्ड्स (१९६३), त्यात नेहमीसारखं पार्श्वसंगीतच नाही, ऑस्कर सालानं ट्राउटोनियम या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार केलेले पक्ष्यांचे इलेक्ट्रॉनिक आवाज आहेत.

दृश्यांमध्ये सावली सगळ्यात जुनी. नोस्फेरातूमध्ये (१९२२) जिना चढतो तो व्हॅम्पायर नाही, त्याची सावली, आणि कॅलिगारीमध्ये (१९२०) तर वाकड्यातिकड्या सेटवर सावल्या रंगवूनच टाकलेल्या. रक्तामांसानं किळस येते, भीती येईलच असं नाही. माणसासारखं पण पूर्ण माणूस नसलेलं काही दिसलं की मात्र जास्त अस्वस्थ वाटतं, बाहुल्या आणि कोरे मुखवटे एवढे वापरतात ते त्यामुळेच. रिंगमध्ये (१९९८, जपानी) भुताची भूमिका करणारी नटी उलटी चालली आणि ते शॉट उलटे फिरवले, त्यामुळे ती पुढेच येत असते पण प्रत्येक पाऊल चुकीचं वाटतं.

काही युक्त्या घासून गुळगुळीत झाल्यात, बाथरूममधल्या कपाटाचं आरशाचं दार बंद केलं की आरशात मागे कुणीतरी उभं असणं ही त्यातली एक. आता दिग्दर्शक तीच उलटी वापरतात, आरसा बंद होतो, मागे कुणीच नाही, प्रेक्षक सुटकेचा श्वास घेतो आणि धक्का त्यानंतर दोन सेकंदांनी दुसऱ्याच बाजूनं येतो.