चाळणी, नरसाळं आणि पापणीचा केस

पाणी भरपूर, तरी वांग्याचं झाड दुपारी मान टाकतं. खत देऊन झालं, फवारणी झाली, फरक शून्य. शेवटी वैतागून कुणीतरी झाड उपटतं, तर मुळांवर मणी ओवल्यासारख्या गाठी. हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी नखाने अलगद सुटतात. त्या नत्र देणाऱ्या, कामाच्या. या सुटत नाहीत, कारण मूळच सुजलेलं असतं आणि आत सूत्रकृमीची, म्हणजे धाग्यासारख्या सूक्ष्म कृमीची, मादी ठाण मांडून बसलेली असते. डाळिंबवाले तिला सरळ ‘निमॅटोड’ म्हणतात.

हा फरक ओळखणं म्हणजे सूत्रकृमीशास्त्राचा पहिला धडा. दुसराही स्वस्तातच होतो. जावा बेटावर काम करणाऱ्या बेअरमान या डॉक्टरांची मातीतून कृमी वेगळे काढायची १९१७ सालची युक्ती आजही शिकवतात. नरसाळ्याला रबरी नळी लावायची, नळीला चिमटा. वर जाळी, जाळीवर टिश्यू पेपर, त्यावर मूठभर माती आणि ती जेमतेम भिजेल इतकं पाणी. कृमी वळवळत कागदातून खाली उतरतात. पाण्यात वर पोहणं त्यांना जमत नाही, म्हणून नळीच्या तळाशी साठतात. दुसऱ्या दिवशी चिमटा सैल करायचा आणि थोडं पाणी बशीत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. काचेच्या धाग्यांसारखे, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे जीव दिसतात. मेलेले आणि सुस्त मात्र यात सापडत नाहीत, त्यांच्यासाठी चाळण्या.

खरी कसोटी पुढेच. त्यातला एकच कृमी उचलायचा, तोही बांबूच्या बारीक काडीने किंवा काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने. गाठ करणारी जात कोणती हे ठरवायला मादीच्या शेपटाकडचा भाग कापून त्यावरच्या रेषा वाचतात, बोटांच्या ठशांसारख्या. नवख्याच्या हातून मादी हमखास फुटते. पुस्तक वाचून हे येत नाही, हात बसावा लागतो.

तो बसवायचा कुठे? कृषी पदवीत या विषयाची तोंडओळख होते, तेवढीच. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९६६ पासून सूत्रकृमीशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे एमएस्सी आणि पीएचडी करता येते. आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात अखिल भारतीय समन्वित सूत्रकृमी प्रकल्पाचं केंद्र आहे. परदेशी जायची तयारी असेल, तर बेल्जियमच्या गेंट विद्यापीठात याच विषयाचा दोन वर्षांचा आंतरराष्ट्रीय एमएस्सी अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतो.

प्राणिशास्त्राच्या मुलांना सूत्रकृमी म्हटलं की पोटातला जंत आठवतो. जंतही त्याच कुळातला, पण तेवढ्यावर थांबणं म्हणजे अर्धं दार उघडणं. ‘सी. एलेगन्स’ हा मातीतला निरुपद्रवी कृमी. त्याच्या उभयलिंगी प्रौढ शरीरात चेतापेशी मोजून ३०२. त्याच्यावरच्या कामाला २००२, २००६ आणि २०२४ साली वैद्यकाचं नोबेल मिळालं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच कृमीच्या चेतापेशींमधली मालवाहतूक अभ्यासतात. इथे शेतीची पदवी लागत नाही, प्रवेशपरीक्षा मात्र कस काढते. आणि उचलायला पापणीचा केस नव्हे, टोक चपटं केलेली प्लॅटिनमची तार.