पहाटे पाचला टक्क जागं होणारं बाळ

‘दिवसा झोपू देऊ नका, म्हणजे रात्री गाढ झोपेल.’ सहा महिन्यांपुढच्या बाळाच्या आईवडिलांना हा सल्ला हमखास मिळतो. मोठ्या माणसाला तो थोडाफार लागू पडतो, बाळाच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा उलटतो. का उलटतो, हे कळलं की वेळापत्रकाचं निम्मं कोडं सुटतं.

झोपेवर दोन यंत्रणांचा ताबा असतो, असं प्रारूप झोपेचे अभ्यासक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलं. पहिली यंत्रणा म्हणजे झोपेचा दाब. जागेपणी मेंदूतला एटीपी हा ऊर्जेचा रेणू मोडत जातो आणि त्यातून अ‍ॅडिनोसिन साठत राहतं. जागं ठेवणाऱ्या चेतापेशींना ते मंदावतं. (कॉफीतलं कॅफिन अ‍ॅडिनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून झोप उडते.) गाढ झोपेत हा दाब उतरतो. दुसरी यंत्रणा म्हणजे मेंदूतलं जैविक घड्याळ. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर ते असतं आणि रोज उजेडाने लावलं जातं. नवजात बाळात त्याची लय जवळपास नसते. मेलॅटोनिन या, रात्र झाल्याचा इशारा देणाऱ्या संप्रेरकाचा रात्र-दिवस चढउतार दोन-तीन महिन्यांच्या सुमारास दिसू लागतो. त्याआधी वेळापत्रकाचा हट्ट धरून काही हाती लागत नाही.

आता तो सल्ला तपासू. बाळाचं भांडं लहान, झोपेचा दाब त्यात भराभर चढतो. सहा महिन्यांचं बाळ साधारण दोन-अडीच तासांत पेंगतं, नऊ महिन्यांचं तीन-साडेतीन तासांत. दुपारची झोप टाळली, तर ते किरकिर करत संध्याकाळी साडेपाचला खांद्यावरच झोपून जातं. ती पाऊण तासाची झोप गाढ असते आणि रात्रीसाठी साठलेला बराच दाब तिथेच खर्ची पडतो. शिवाय संध्याकाळी घड्याळाचा ‘जागं राहा’ हा संकेत सर्वांत जोरात असतो. झोपेचेच अभ्यासक पेरेट्झ लावी यांनी १९८६ मध्ये या वेळेला झोपेचा ‘निषिद्ध पट्टा’ म्हटलं होतं. दाब नाही आणि घड्याळही विरोधात, मग आठला अंथरुणात ठेवलेलं बाळ दहापर्यंत खेळत राहिलं तर नवल नाही.

खरी गंमत रात्रीच्या उत्तरार्धात आहे. गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात होते. पहाटेपर्यंत दाब जवळजवळ संपलेला असतो आणि झोप टिकते ती मुख्यतः घड्याळाच्या आधारावर. बाळाचं झोपेचं चक्र पन्नास-साठ मिनिटांचं, मोठ्यांचं सुमारे नव्वद. प्रत्येक चक्राच्या शेवटी किंचित जाग येतेच. दाब भरपूर असताना बाळ कूस बदलून पुन्हा झोपतं, पाचला मात्र ती जाग पुरी होते. मग घरात दिवा लागतो, दूध मिळतं, खेळणी निघतात. शरीराचं तापमान पहाटे सर्वांत खाली जातं. त्या बिंदूनंतर डोळ्यांत शिरलेला उजेड घड्याळाचे काटे पुढे सरकवतो, म्हणजे उद्याची पहाट आणखी लवकर. संध्याकाळचा प्रखर उजेड नेमकं उलट करतो, घड्याळ मागे टाकतो. पाचची जाग आपणच अशी पक्की करत असतो, आणि दोष दातांना देतो.

म्हणून सुरुवात रात्रीकडून न करता सकाळकडून करावी. उठण्याची एक वेळ ठरवा आणि ती रोज अर्ध्या तासाच्या आत पाळा. तिच्याआधी जाग आली तर खोलीत अंधार, आवाज हळू, खेळ नाही. ठरल्या वेळी पडदे उघडून भरपूर उजेड. आठ-नऊ महिन्यांच्या बाळासाठी नमुना असा: सातला उठणं, पावणेदहा ते अकरा पहिली झोप, सव्वादोन ते साडेतीन दुसरी, सव्वासातला रात्रीची. घर उशिरा उठत असेल तर सगळंच तासभर सरकवा. घड्याळातल्या आकड्यांपेक्षा मधली अंतरं महत्त्वाची. शेवटचं अंतर सर्वांत मोठं ठेवा.

आधी आठवडाभर टिपण ठेवा. ४ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते, हा पल्ला मोठा आहे. तुमचं बाळ एकूण साडेतेरा तास झोपत असेल आणि त्यातले तीन दिवसा जात असतील, तर रात्री साडेदहाच उरतात. त्याच्याकडून बारा तासांची अपेक्षा ठेवली की उरलेला दीड तास रडण्यात किंवा पहाटेच्या जागरणात जाणारच. रात्री झोप लागायला रोज तासभर लागत असेल, तर निजवण्याची वेळ तात्पुरती प्रत्यक्ष झोप लागते तिथे न्या, आणि पटकन झोपू लागलं की दर दोन-तीन रात्रींनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा.

निजवण्याआधीचा अर्धा तास रोज त्याच क्रमाने जाऊ द्या: दूध, कोमट पाण्याने अंघोळ, मंद दिव्यात गाणं, अंथरूण. कोमट पाण्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि तापमानाची ती उतरण झोप आणायला मदत करते. दूध मुद्दाम सुरुवातीला घेतलंय. स्तन किंवा बाटली तोंडात असतानाच झोप लागली, तर मध्यरात्रीच्या प्रत्येक किंचित जागेला बाळ तेच शोधतं. पेंगलेलं, पण जागं असताना खाली ठेवावं. पहिल्या काही रात्री रडणं होईल. जवळ बसून थोपटा, थोपटणं हळूहळू कमी करा. रात्रीचं दूध बंद करायचं असेल, तर आधी वजनाची वाढ बघून डॉक्टरांशी बोला.

मेलॅटोनिनच्या गोड गोळ्यांपासून मात्र लांब राहा. २०२३ मध्ये अमेरिकेत तपासलेल्या अशा २५ उत्पादनांपैकी २२ मध्ये लेबलवरचं प्रमाण चुकीचं निघालं. एकात तर साडेतीनपटीच्या जवळपास होतं. पुढची डुलकी मिनिटाबरहुकूम सांगणाऱ्या अ‍ॅपपेक्षा बाळाचे जड झालेले डोळे जास्त खरं सांगतात.

झोपवायचं ते पाठीवरच, सपाट, घट्ट गादीवर. उशी, रजई, मऊ खेळणी काही नको. कुशीवर वळायची खटपट सुरू झाली की दुपट्यात गुंडाळणं त्याच दिवशी थांबवा. दोन्ही बाजूंनी सहज वळता येणारं बाळ झोपेत आपणहून पालथं झालं, तर उठून सरळ करत बसायची गरज नाही. रोज घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडकत असेल, तर वेळापत्रक बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा.