संहिता कोणाची, नजर कोणाची? कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नाटकांची पार्श्वभूमी

1955 साली न्यूयॉर्कच्या ग्रीनिच म्यूज थिएटरमध्ये ‘ट्रबल इन माइंड’ रंगमंचावर आलं. ॲलिस चिल्ड्रेस यांचं हे नाटक घडतं तेच एका नाटकाच्या तालमीत. विलेटा ही मुरलेली कृष्णवर्णीय नटी, दिग्दर्शक गोरा. हातातल्या संहितेत एक कृष्णवर्णीय आई मुलाला शरण जायला सांगते आणि जमाव त्याला ठार मारतो. कुठली आई असं करेल, असं विलेटा विचारते आणि तालीम तिथेच अडते.

नाटकात घडलं तेच चिल्ड्रेस यांच्या वाट्याला आलं. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, जायची बोलणी सुरू झाली तेव्हा नाटक मवाळ करायची मागणी झाली. त्या बधल्या नाहीत, आणि ब्रॉडवे हुकला. नाटक तिथे पोचलं 2021 मध्ये. चिल्ड्रेस 1994 मध्येच वारल्या होत्या. अशा नाटकाची तयारी पाठांतर आणि नेपथ्याच्या आधी सुरू होते ती इथे: ही बाई कोणाच्या नजरेतून उभी राहणार?

प्रश्न त्याहून जुना आहे. 1916 मध्ये वॉशिंग्टनमध्ये अँजेलिना वेल्ड ग्रिम्के यांच्या ‘रेचल’चा प्रयोग झाला. जमावाने केलेल्या हत्यांचं सावट एका तरुणीच्या मातृत्वाच्या इच्छेवर कसं पडतं, हे त्यात होतं. 1959 मध्ये लॉरेन हॅन्सबेरी यांचं ‘अ रेझिन इन द सन’ ब्रॉडवेवर आलं. तिथे नाटक सादर झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका. शिकागोतल्या एका कुटुंबाची ही गोष्ट, दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स हेही कृष्णवर्णीय. हॅन्सबेरी 1965 मध्ये अवघ्या 34 व्या वर्षी वारल्या.

ब्रॉडवेवर पुढच्या कृष्णवर्णीय लेखिकेचं नाटक यायला 1976 उजाडलं. एन्टोझाके शांगे यांच्या या नाटकाचं नाव लांबलचक. सगळे त्याला ‘फॉर कलर्ड गर्ल्स’ म्हणतात. त्याचा जन्म नाट्यगृहात झालाच नाही. 1974 च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात, बर्कलेजवळच्या ‘बॅकनाल’ नावाच्या स्त्रियांच्या बारमध्ये शांगे आपल्या कविता म्हणत होत्या आणि सोबत नर्तकी पॉला मॉस होत्या. पक्की संहिता नव्हती. कविता प्रयोगागणिक बदलत, गळत, नव्या येत. पुढे दोघी न्यूयॉर्कला आल्या, दिग्दर्शक ऑझ स्कॉट जोडले गेले, आणि छोट्या जागांमधून वाट काढत नाटक आधी हेन्री स्ट्रीटवरच्या नाट्यगृहात, मग जोसेफ पॅप यांच्या पब्लिक थिएटरमध्ये पोचलं. सप्टेंबर 1976 मध्ये ते ब्रॉडवेच्या बूथ थिएटरात लागलं आणि तिथे त्याचे 742 प्रयोग झाले. सुरुवातीला शांगे स्वतःही त्यात भूमिका करत. त्यातल्या अभिनेत्री ट्रॅझाना बेव्हर्ली यांना टोनी हा ब्रॉडवेचा मानाचा पुरस्कार मिळाला.

यात सात स्त्रिया आहेत, नाव एकीलाही नाही. तपकिरी, पिवळा, जांभळा, लाल, हिरवा, निळा, नारिंगी: रंग हीच ओळख, आणि प्रत्येक जण वेगळ्या शहराची. बलात्कार, गर्भपात, फसवं प्रेम, मुलांचा मृत्यू हे सगळं त्या सांगतात. पण शाळेतल्या शेवटच्या रात्रीचा नाचही सांगतात, आणि हैतीचा वीर तूसाँ लूव्हेर्त्यूर ग्रंथालयातल्या पुस्तकात भेटल्यावर हरखून गेलेल्या आठ वर्षांच्या मुलीचं कुतूहलही. नाटक फक्त दुःखाचं करून टाकणारे प्रयोग या दुसऱ्या बाजूला न्याय देत नाहीत, असं मला ठामपणे वाटतं. कृष्णवर्णीय पुरुषांचं चित्रण एकांगी आहे, ही टीका त्या काळी खुद्द कृष्णवर्णीय समाजातूनही जोरात झाली. आज नाटक बसवणाऱ्यांनी तीही वाचायला हवी.

शांगे या प्रकाराला ‘कोरिओपोएम’ म्हणत. कविता, नृत्य आणि संगीत यांत इथे मुख्य-गौण असं काही नाही. त्यामुळे आधी संवाद बसवू, नाच नंतर घालू, हा क्रम चालत नाही. वाक्य कुठे तोडायचं, श्वास कुठे घ्यायचा, हे पावलांवरून ठरतं.

शांगे 2018 मध्ये वारल्या. 2022 मध्ये नाटक पुन्हा बूथ थिएटरात आलं, तेव्हा दिग्दर्शन आणि नृत्यरचना दोन्ही कमिल ए. ब्राउन यांच्याकडे होती. जांभळ्या रंगातली स्त्री साकारली कर्णबधिर अभिनेत्री अलेक्झांड्रिया वेल्स यांनी, आणि आपल्या कविता त्यांनी सांकेतिक भाषेत सादर केल्या.